चार गावांची एक शाळा

२०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यात महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने एक पत्रक काढले. वीसपेक्षा कमी पटसंख्या असलेल्या शाळा एकत्र करून त्यांच्या जागी 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव त्यात मागविले होते. अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात होती आणि त्यांत शिकणारी मुले पावणेदोन लाखांहून अधिक. पत्रकाला गावोगावी विरोध झाला, शिक्षकांनी आणि पालकांनी निवेदने दिली, वर्तमानपत्रांतून चर्चा झडल्या. कालांतराने चर्चेचा धुरळा खाली बसला. परंतु गावाची शाळा दुसऱ्या गावाच्या शाळेत मिळविणे हा केवळ जमाखर्चाचा विषय आहे की गावाच्या जिवाचा, हा प्रश्न मागे उरलाच.

आपल्याला हा प्रश्न नवा वाटला तरी जगाला तो नवा नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागाने गेले सबंध शतक तो सोसला आहे. १९३९-४० साली त्या देशात शाळा चालविणारी सुमारे एक लाख सतरा हजार स्थानिक शाळा-मंडळे होती. चाळीस वर्षांनी ती सोळा हजारांच्या आसपास उरली. या एका आकड्यामागे हजारो गावांची भांडणे, रुसवे आणि समेट दडलेले आहेत. एवढा मोठा इतिहास एका लेखात मावणे शक्य नाही. म्हणून आम्ही त्यातला एक लहानसा कोपरा निवडला आहे. तो म्हणजे इंडियाना राज्यातील डेव्हिस काउंटी.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका. डेव्हिस काउंटी ही व्हाइट नदीच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात वसलेली, मका आणि सोयाबीन पिकविणारी शेतकऱ्यांची भूमी. तिच्या उत्तर भागात एल्नोरा, ओडन, प्लेनव्हिल आणि एपसम अशी चार गावे आहेत. त्यांतले सर्वांत मोठे ओडन. तेही दीड हजार वस्तीच्या आतले. एपसम तर नुसती वाडीच. या प्रत्येक गावाला एकेकाळी स्वतःचे हायस्कूल होते, आणि प्रत्येक हायस्कूल शेजारच्या हायस्कूलकडे वैऱ्याच्या नजरेने पाहत असे. आज त्या चारांच्या जागी 'नॉर्थ डेव्हिस' ही एकच सरकारी शाळा आहे. ही एक शाळा कशी झाली, त्यात कोणाला काय मिळाले आणि कोणी काय गमावले, याची ही हकिकत.

हा मुलूख कॅथलिक वाचकांना सर्वस्वी परका नाही. १८४१ च्या शरद ऋतूत होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन आपल्या सहा ब्रदरांसह व्हिन्सेन्स धर्मप्रांतात आले, तेव्हा बिशप आयलांदिएर यांनी त्यांना प्रथम याच काउंटीतील सेंट पीटर्स या वस्तीत पाठविले. तेथे त्यांनी वर्षभर काम केले. फादर सोरिन यांच्या मनात तेथेच कॉलेज काढायचे होते. परंतु शेजारच्या व्हिन्सेन्स शहरात एक कॅथलिक कॉलेज आधीच चालू होते, आणि इतक्या जवळ दुसरे काढणे बिशपांना पसंत पडले नाही. कॉलेजच काढायचे तर दूर उत्तरेला साउथ बेंडजवळ धर्मप्रांताची जमीन आहे, तेथे काढा, असे त्यांनी सुचविले. १८४२ च्या नोव्हेंबरात फादर सोरिन काही ब्रदरांना घेऊन तिकडे निघाले. पुढे त्या जमिनीवर जे उभे राहिले ते आज जगभर ख्यातनाम झालेले नॉत्र दाम विद्यापीठ. एका पंचक्रोशीत दोन शाळा असाव्यात की एकच, हा वाद या मातीत असा जुना आहे.

इंडियानाच्या सरकारी शाळांचा कारभार 'टाउनशिप' या घटकावर उभा होता. काउंटीचे लहान लहान तुकडे पाडून टाउनशिपा केलेल्या असत आणि प्रत्येकीचा एक निवडून दिलेला ट्रस्टी असे. गरिबांना मदत देणे हे त्याचे काम, तसेच शाळा चालविणे हेही त्याचेच. मास्तरांची नेमणूक, सरपणाची खरेदी, छपराची डागडुजी, सारे त्याच्याकडे. एल्नोरा हे एल्मोर टाउनशिपमध्ये, ओडन मॅडिसनमध्ये, प्लेनव्हिल स्टीलमध्ये आणि एपसम बोगार्डमध्ये. म्हणजे चार गावे, चार ट्रस्टी आणि चार तिजोऱ्या.

आरंभी या टाउनशिपांतून एकशिक्षकी शाळा विखुरलेल्या होत्या. एक खोली, मध्ये शेगडी, आठ इयत्तांची मुले एकत्र, आणि बहुधा विशीतली एक अविवाहित शिक्षिका. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात साऱ्या अमेरिकेत अशा सुमारे दोन लाख शाळा होत्या. १९०८ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ग्रामीण जीवनाच्या अभ्यासासाठी आयोग नेमला. त्यानंतर सुधारकांचा भर एकाच उपायावर राहिला. आडरानातल्या एकखोली शाळा बंद करा आणि टाउनशिपच्या मुख्य गावात एक पक्की, इयत्तावार वर्गांची शाळा बांधा. दूरच्या मुलांना आणण्यासाठी घोड्यांच्या गाड्या ठेवल्या गेल्या. इंडियानातीलच रिचमंड येथील वेन वर्क्स हा कारखाना अशा गाड्या बांधी. पुढे घोडे गेले आणि मोटारी आल्या. १९३९ साली न्यू यॉर्क येथे प्राध्यापक फ्रँक सायर यांनी भरविलेल्या परिषदेत शाळेच्या बसचा पिवळा रंग ठरला. अमेरिकन चित्रपटांतून आपण पाहतो ती पिवळी बस ही शाळा-विलीनीकरणाचीच लेक होय.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या गावच्या हायस्कूलसाठी पुढे लोक प्राणपणाने भांडले, ते हायस्कूलही मुळात वाड्यावस्त्यांवरच्या लहान शाळा मोडूनच वाढले होते. त्या वेळीही कोणी तरी रडले असेल. परंतु दोन पिढ्या उलटल्या आणि विलीन झालेली शाळाच 'आपली जुनी शाळा' झाली. गावाची स्मृती साधारणपणे आजोबांपर्यंत पोचते, पणजोबांपर्यंत नाही.

शेजारच्या व्हिन्सेन्स शहरात याच काळात वेगळ्याच प्रकारचे विलीनीकरण घडले. १९३० च्या दशकातील महामंदीत तेथील धर्मग्रामांना आपल्या शाळा चालविणे अशक्य झाले. त्या बंद पडल्या तर शेकडो मुले एकाएकी सरकारी शाळांच्या दारात उभी राहणार होती. म्हणून सरकारी शाळा-मंडळाने त्या शाळा आपल्याकडे घेतल्या आणि तेथे शिकविणाऱ्या धर्मभगिनी व ब्रदर यांनाच पगारी शिक्षक म्हणून कायम ठेवले. संघवस्त्र परिधान केलेल्या व्यक्तींना सरकारी पैशातून वेतन द्यावे काय, असा खटला उभा राहिला. १९४० साली इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वेतन वैध ठरविले. कायद्याच्या दृष्टीने त्या निर्णयाविषयी मतभेद होऊ शकतील. आम्हाला मात्र त्यातली एक साधी बाब महत्त्वाची वाटते. शाळेचा मालक बदलला, पण सोमवारी सकाळी वर्गात आलेल्या मुलाला समोर ओळखीचीच सिस्टर दिसली. ज्या विलीनीकरणात मुलाचा शिक्षक टिकतो, त्यात मुलाची हानी सर्वांत कमी होते.

आता गावांच्या वैराकडे वळू. इंडियानात हे वैर बास्केटबॉलच्या मैदानावर मूर्त होई. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावत, बाहेर बर्फ पडे, आणि शुक्रवारी रात्री सारा गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमे. फुटबॉलच्या संघाला लागणारी मुले लहान गावाकडे नसत. बास्केटबॉलला पाच पुरत. म्हणून हा खेळ खेड्यांचा झाला. वसईच्या गावांत क्रिकेटच्या वा कबड्डीच्या सामन्याला जी चुरस असते ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना याचे अधिक वर्णन नको. डेव्हिस काउंटीचे मुख्य गाव वॉशिंग्टन. बारा हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावातल्या हायस्कूलच्या व्यायामशाळेत सात हजार प्रेक्षक बसू शकतात, यावरून काय ते समजावे.

प्रत्येक शाळेच्या संघाला एक टोपणनाव असे. एल्नोराचे 'आउल्स' म्हणजे घुबडे, ओडनचे 'बुलडॉग्ज', प्लेनव्हिलचे 'मिजेट्स' म्हणजे बुटके. सर्वांत गमतीचे नाव एपसमचे. तेथील विहिरीच्या पाण्याला एपसम सॉल्टची, म्हणजे जुलाबाच्या मिठाची चव होती म्हणून गावाला ते नाव पडले असे सांगतात. आणि गावाच्या मुलांनी आपल्या संघाला निःसंकोचपणे 'सॉल्ट्स' म्हणवून घेतले! इतरांनी हसायच्या आत आपणच हसून घ्यावे, हे शहाणपण त्या वाडीला होते.

राज्याची स्पर्धा १९११ साली सुरू झाली. तिचा नियम असा की, शाळा दीड हजार मुलांची असो वा शंभरांची, सर्वांसाठी एकच स्पर्धा. १९५४ साली त्या स्पर्धेत ७५१ शाळा उतरल्या होत्या. त्या वर्षी जेमतेम हजार-बाराशे वस्तीच्या मायलन या गावातील १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या बलाढ्य शहरी शाळेला ३२ विरुद्ध ३० असे हरविले. बॉबी प्लम्प या मुलाने अखेरच्या क्षणी चेंडू जाळीत टाकला, आणि साऱ्या राज्यातल्या लहान गावांना वाटले की तो आपणच टाकला. १९८६ सालचा 'हूझियर्स' हा चित्रपट याच विजयावरून सुचला. लहान शाळेचा तो सर्वांत उजळ दिवस होता. तिचे दिवस भरत आले होते, हे मात्र त्या रात्री कोणाच्याच ध्यानी आले नसावे.

दिवस भरले ते अनेक कारणांनी. ट्रॅक्टर आणि यंत्रे आली, तशी एकेक शेतकरी कुटुंब पूर्वीच्या कितीतरी पट जमीन कसू लागले. कुटुंबे कमी झाली, मुले कमी झाली. रस्ते डांबरी झाले, मोटारी घरोघरी आल्या, दहा मैल हे अंतर वाटेनासे झाले. १९५७ साली रशियाने स्पुतनिक सोडला आणि आपली मुले विज्ञानात मागे पडली या भीतीने अमेरिका हादरली. लहान हायस्कुलात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा नसे. गणिताचे, विज्ञानाचे आणि कधी कधी संघाच्या सरावाचेही काम एकाच मास्तरांकडे असे. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे मांडले की, ज्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात शंभर विद्यार्थीही नाहीत, ते सर्व प्रकारच्या मुलांना पुरेसे शिक्षण देऊच शकत नाही. त्याच वर्षी इंडियानाच्या विधिमंडळाने शाळा-पुनर्रचनेचा कायदा केला. प्रत्येक काउंटीत समिती नेमून टाउनशिपांच्या शाळा एकत्र करण्याची योजना तिने तयार करावी, असे ठरले. ट्रस्टींच्या राज्याचा अस्त जवळ आला.

लोकांनी हे मुकाट्याने स्वीकारले असे नाही. याच राज्याच्या उत्तर भागात कॅस काउंटीत ऑनवर्ड नावाचे इवलेसे गाव आहे. तेथील वरचे वर्ग बंद करून मुलांना शेजारच्या वॉल्टन या प्रतिस्पर्धी गावात पाठविण्याचे ठरले, तेव्हा १९५० साली गावकऱ्यांनी शाळेभोवती पहारा बसविला आणि दारे अडविली. राज्याच्या पोलिसांना तेथे यावे लागले. हा लढा दीर्घकाळ चालला आणि साऱ्या देशात गाजला. शेवट मात्र ठरलेलाच होता. आज त्या भागातील मुले ल्युइस कॅस या संयुक्त हायस्कुलात शिकतात, आणि ते आहे वॉल्टनमध्येच.

आम्ही हा इतिहास चाळला तेव्हा असे दिसले की, भांडणाचे विषय सर्वत्र जवळजवळ तेच असत. इमारत कोठे बांधायची? शाळेला नाव कोणते द्यायचे? संघाचे रंग आणि टोपणनाव कोणाचे? आणि नव्या मंडळात कोणाची माणसे किती? प्रयोगशाळेत किती सूक्ष्मदर्शक हवेत यावरून कोणी एकमेकांची डोकी फोडल्याचे ऐकिवात नाही. बाहेरच्याला हे पोरकट वाटेल. पण ज्या गावात एक दुकान, एक चर्च आणि एक शाळा एवढ्यावरच गावपण उभे असते, तेथे शाळेचे नाव म्हणजे गावाचेच नाव असते. रस्त्यावरच्या पाटीखेरीज ते इतरत्र कोठे लिहिलेले नसते.

या वादांतून सुटण्याचे दोन मार्ग डेव्हिस काउंटीने स्वतःच दाखविले. दक्षिणेकडे बार आणि रीव्ह या दोन टाउनशिपा एकत्र आल्या. शाळेचे नाव 'बार-रीव्ह' असे दोघींचे ठेवले, पण शाळा राहिली बार टाउनशिपमधील मॉन्टगोमेरी गावात, आणि संघाचे नाव राहिले मॉन्टगोमेरीचेच 'व्हायकिंग्ज'. रीव्हमधील आल्फर्ड्सव्हिलची मुले बसमध्ये बसून दुसऱ्याच्या घरी आली. उत्तरेला मात्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस निराळे घडले. चारही गावांची शाळा चारांपैकी कोणत्याही गावात बांधली नाही. एल्नोरा आणि ओडन यांच्या दरम्यान, राज्यमार्ग ५८ वर, मोकळ्या शेतांच्या मध्ये ती उभी राहिली. नाव कोणाचेच नाही, केवळ दिशेचे: नॉर्थ डेव्हिस. घुबडे, बुलडॉग्ज, बुटके आणि सॉल्ट्स असे सगळेच इतिहासजमा झाले, आणि 'कूगर्स' या नव्या नावाखाली मुले एकत्र आली. कूगर म्हणजे तिकडचा डोंगरी वाघ. तो चारही गावांना सारखाच परका होता.

आपल्या भाषेत सांगायचे तर पहिल्या मार्गात एक गाव सासुरवाशीण झाले. नाव जोडले गेले, पण चूल दुसऱ्याची. दुसऱ्या मार्गात चौघींनीही माहेर सोडले आणि माळावर नवे घर मांडले. दुसरा मार्ग न्यायाचा वाटतो, कारण त्यात त्याग वाटून घेतला जातो. पण त्याचीही किंमत आहे. गावातली शाळा पायी जाण्याची होती; शेतातल्या शाळेत पायी कोणीच जाऊ शकत नाही. दुपारच्या सुट्टीत घरी जेवायला जाणारे मूल, शाळा सुटल्यावर दुकानाच्या पायरीवर बसणारी पोरे, खिडकीतून शाळेची घंटा ऐकणारी आजी, हे सारे चारही गावांतून एकदमच गेले. आणि मध्य म्हटला तरी तो सर्वांना सारखा नसतो. दक्षिणेकडच्या प्लेनव्हिल आणि एपसमच्या मुलांना ओडन-एल्नोराच्या मुलांपेक्षा अधिक वेळ बसमध्ये काढावा लागणार, हे नकाशावरच दिसते.

सासुरवाशिणीचा मार्ग किती क्रूर होऊ शकतो, हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी दाखविले. १९५४ च्या निकालाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. निर्णय न्यायाचाच होता. परंतु प्रत्यक्षात शाळा एकत्र करताना बहुतेक ठिकाणी बंद पडली ती काळ्यांची शाळा. हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, मुख्याध्यापकांना खालच्या पदावर नेमले गेले. मुलांना शेजारी बसण्याचा हक्क मिळाला, पण त्यांचे गुरू, त्यांच्या शाळेचे नाव आणि तिने जिंकलेली चषके यांना त्या नव्या घरात कोनाडाही मिळाला नाही. एकत्र येणे आणि एकाने दुसऱ्याला गिळणे यांत फरक असतो. तो फरक कायद्याच्या कलमांत दिसत नाही, व्यवहारात दिसतो.

डेव्हिस काउंटीत आणखी एक समाज आहे. त्याने या साऱ्यालाच नकार दिला. ओडन आणि मॉन्टगोमेरी यांच्या परिसरात आमिश पंथाच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. घोड्याच्या बग्गीतून फिरणारे, वीज आणि मोटार यांपासून दूर राहणारे हे लोक गावातल्या छोट्या सरकारी शाळेत मुले पाठवीत असत. त्या शाळा मोडून मोठ्या, दूरच्या शाळा होऊ लागल्या तशी अमेरिकेत ठिकठिकाणी आमिशांनी स्वतःच्या एकखोली शाळा काढल्या. आयोवा राज्यात १९६५ च्या नोव्हेंबरात अधिकारी बस घेऊन मुलांना न्यायला आले, तेव्हा आमिश मुले मक्याच्या शेतात पळत सुटली. त्या धावत्या मुलांचे छायाचित्र देशभर छापले गेले. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठविण्याचा आमिशांचा हक्क मान्य केला. त्या निर्णयात न्यायालयाने ज्या जुन्या निकालाचा आधार घेतला, तो १९२५ साली ओरेगन राज्यातील कॅथलिक धर्मभगिनींनी जिंकलेला होता. प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे हा कायदा त्या सिस्टर्सनी रद्द करवून घेतला होता. त्यांनी उघडलेल्या दारातून पन्नास वर्षांनी आमिशांची मुले आत आली. आठवीपुरतेच शिक्षण पुरे, हे मत आम्हाला मान्य नाही. परंतु मूल कोठे शिकावे हे ठरविताना आईबापांना विचारावे लागते, हे तत्त्व आपण कॅथलिकांनी तरी विसरू नये.

मग या विलीनीकरणाचे फळ काय? लाभ निर्विवाद आहेत. खेड्यातल्या मुलाला रसायनशास्त्राची खरी प्रयोगशाळा मिळाली, संगीताचा व परभाषेचा शिक्षक मिळाला, आणि आपल्या गावापलीकडचे मित्र मिळाले. बचतीचा हिशोब मात्र वाटला तितका सरळ निघाला नाही. न्यू यॉर्क राज्यातील ग्रामीण शाळांच्या अभ्यासातून असे दिसले की, अगदी लहान शाळा-मंडळे एकत्र आली तर खर्चात चांगली बचत होते. मुळातच मोठी असलेली एकत्र आली तर ती फार थोडी होते. त्याच राज्यातील लहान खेड्यांची पाहणी करणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात, शाळा असलेल्या गावांत घरांची किंमत शाळा नसलेल्या गावांपेक्षा अधिक आढळली. म्हणजे शाळेच्या हिशोबात जे वाचते, त्यातले काही गावाच्या हिशोबातून वजा होत असते. दोन्ही वह्या एकत्र मांडल्याशिवाय खरा ताळेबंद निघत नाही.

आणि वैर? ते मुलांच्यात सर्वांत आधी विरले. तसे ते विरणारच. दहावीतल्या मुलाला शेजारच्या बाकावरचा मुलगा पूर्वी शत्रू-गावचा होता, याचे ओझे किती दिवस वाहवणार? मोठ्यांना वेळ लागला. इंडियानात बंद झालेल्या हायस्कुलांचे माजी विद्यार्थी अजूनही वर्षातून एकदा एकत्र जेवतात, जुन्या रंगांचे रुमाल लावतात, जुने विजय आठवतात. दरवर्षी पंगतीतली पाने कमी होत जातात, कारण त्या शाळेतून नवे कोणी बाहेर पडतच नाही.

१९९७ साली इंडियानाने सर्वांसाठी एकच असलेली ती प्रसिद्ध स्पर्धा बंद केली. त्या शेवटच्या वर्षी ३८२ शाळा उरल्या होत्या, १९५४ च्या साधारण निम्म्या. पुढे पटसंख्येनुसार गट पाडण्यात आले. त्यातली गंमत अशी की, चार गावांची शाळा एक करूनही नॉर्थ डेव्हिस राज्याच्या मापाने लहानच ठरली आणि सर्वांत खालच्या गटात गेली. २०२२ साली त्या गटाचे राज्य-अजिंक्यपद तिने पटकावले. अंतिम सामन्यात तिच्यासमोर होती लाफाएत शहराची सेंट्रल कॅथलिक ही शाळा. त्या दिवशी एल्नोरा, ओडन, प्लेनव्हिल आणि एपसम या चारही गावांनी एकाच संघासाठी टाळ्या वाजविल्या. ज्यांच्या आजोबांनी एकमेकांना हरविण्यासाठी जिवाचे रान केले, त्यांचे नातू एकाच रंगाचे कपडे घालून खेळले. विलीनीकरण कागदावर एका सहीने होते. माणसांत व्हायला पन्नास वर्षे लागतात.

आता आपल्या घराकडे येऊ. शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे. हे अंतर मुलाच्या पायांच्या मापाने आखलेले आहे, बसच्या चाकांच्या नव्हे. नॉर्थ डेव्हिस उभी राहू शकली ती डांबरी रस्ता आणि दारात येणारी बस आधी होती म्हणून. डोंगरपाड्यावर जेथे पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नाही, तेथे वीस मुलांची शाळा बंद करणे म्हणजे मुली घरी बसविणे होय. या बाबतीत आधी बस, मग कुलूप, हाच क्रम असला पाहिजे.

आपल्या धर्मग्रामांतील मराठी शाळांविषयीही हे बोलावे लागेल. पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे गेल्याने अनेक ठिकाणी मराठी वर्ग रोडावत चालले आहेत, हे आपण सारे उघड्या डोळ्यांनी पाहत आहोत. उद्या शेजारच्या दोन धर्मग्रामांच्या शाळा एक कराव्या लागल्या, तर आपण काय करू? शाळा आमच्याच आवारात हवी, नाव आमच्याच संताचे हवे, म्हणून हटून बसू, की चौघींनी मिळून माहेर सोडावे तसे आधी मुलांकडे पाहू? आम्हाला वाटते, तशी वेळ आलीच तर चार गोष्टी सांभाळाव्यात. मुलाला ओळखीचा शिक्षक सोडून जावे लागू नये. दोन्हीकडच्या आईबापांना आधी विचारावे, नंतर नव्हे. ओझे दोघांनी वाहावे, एकट्यानेच नव्हे. आणि जी शाळा बंद होईल तिची पाटी, तिची हजेरीपुस्तके आणि तिचे फोटो नव्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर मानाने लावावेत.

हा शेवटचा मुद्दा कोणाला भावनेचा वाटेल. पण ज्या मुलाच्या आजीचे नाव त्या जुन्या हजेरीपुस्तकात आहे, ते मूल नव्या शाळेच्या दारातून पाहुण्यासारखे आत येणार नाही. ते आपल्या घरी आल्यासारखे आत येईल.